पट्टी बांधायला एवढे प्रश्न कशाला?

"सिस्टर, नुसती पट्टी बांधायची आहे ना? मग पोलिसासारखं काय विचारत बसता?"

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकते. विचारणाऱ्याची साडेबाराची एसटी असते, भात कापायला माणसं लावलेली असतात, आणि मी विचारत असते की घरी स्वयंपाक कोण करतं. चिडणारच माणूस. रांगेत उत्तर द्यायला वेळ नसतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज निवांत सांगते.

रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी ड्रेसिंग आणि इंजेक्शनची खोली सांभाळते. असं केंद्र नियमाप्रमाणे ३० हजार लोकसंख्येला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांना एक. खोली मात्र टेबल, स्टूल, गॉजचा ड्रम आणि बेसिन एवढ्यातच भरते. जुनी माणसं अजूनही "ती पिवळी पट्टी लावा" म्हणतात. बिटाडीनवर त्यांचा फारसा विश्वास नाही, आणि सलाईनच्या पाण्याने जखम धुतली की "औषध संपलं वाटतं" असा चेहरा करतात.

आता कुत्र्याचं घ्या. शाळेतून पोरगा येतो, पोटरीवर ओरखडा. आई म्हणते पडला. पोरगाही म्हणतो पडलो, कारण कुत्र्याच्या शेपटीला दोरी बांधायला तोच गेलेला असतो. "कुत्रा चावला का रे?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, नाही. म्हणून मी विचारते, "काळा होता की पांढरा?" "काळा," पोरगा बोलून जातो आणि मग जीभ चावतो. आईचा हात वर जायच्या आत मी त्याला नळाखाली नेते.

हा नळ आमच्या खोलीतलं सगळ्यात मोठं औषध आहे. साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून १५ मिनिटं धुवायचं. रेबीजचा विषाणू तिथेच बराचसा धुऊन जातो. पण लोक येतात ते मिरची नाहीतर चुना भरून. म्हणून पुढचा प्रश्न, "काय लावलंत?" मग रक्त आलं होतं का, कुत्रा ओळखीचा आहे का, याआधी कधी लस घेतली होती का. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि तिच्याभोवती सीरमही, म्हणजे विषाणूशी लगेच लढणारं तयार औषध, द्यावं लागतं. लस आमच्याकडे कातडीत देतात, दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिलि, आल्या दिवशी आणि मग तिथून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. नीट बसली की मोसंबीच्या सालीसारखा बारीक फोड उठतो. तो उठला की मला बरं वाटतं. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत माणूस टिकवणं हे खरं कठीण काम. त्यासाठी गावच्या आशा कार्यकर्तीचा, आशाताईचा फोन.

विंचवाचं उलटं आहे. तिथे प्रश्न विचारायचे, पण हात थांबवायचे नाहीत. किती वेळ झाला, घाम सुटलाय का, उलटी झाली का. जो बोंबलत येतो त्याची मला कमी काळजी वाटते. इंगळी, म्हणजे मोठा काळा विंचू, चावलेला माणूस आख्खा दवाखाना डोक्यावर घेतो आणि संध्याकाळी चहा पिऊन घरी जातो. भीती वाटते ती गप्प बसलेल्याची, ज्याचे हात गार पडलेत आणि सदरा भिजलाय. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. आमच्याच जिल्ह्यात, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्कर असे रुग्ण मरताना बघत होते. रात्र-रात्र उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते, हे त्यांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. खेड्यातल्या केंद्रात काय होणार, असं कुणी म्हणालं की मी एवढंच सांगते. त्या गोळ्या माझ्या कपाटात डाव्या हाताला असतात.

पण प्रश्नांची सवय मला कुत्र्या-विंचवाने लावली नाही. ती लागली एका आजोबांमुळे, आणि त्यात चूक माझी होती.

आजोबांना साखर. डाव्या अंगठ्याच्या मागे तळव्याला रुपयाएवढी जखम. दर सोमवारी आणि गुरुवारी यायचे, मी सलाईनने धुवायची, पट्टी बांधायची. जखम भरत यायची, पुढच्या वेळी पुन्हा उघडी. साखर तपासली, आटोक्यात होती. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. पाचव्या आठवड्यात मी आजोबांवरच वैतागले, "पाय भिजवता ना तुम्ही? पथ्य पाळत नाही." ते बिचारे म्हणाले, "बाय, तू सांगतेस तसाच करतंय."

त्या दिवशी आमच्या सफाईच्या मावशी दाराबाहेरचा व्हरांडा झाडत होत्या. चपला बाजूला सारताना ओरडल्या, "अगो बाई, केवढी टोचली!" आजोबांच्या चपलेत चुकेचं, म्हणजे बारीक खिळ्याचं, टोक वर आलेलं. मोच्याने पट्टा बसवताना ठोकलेली चूक. आजोबा दीड महिना तिच्यावर पाय देऊन चालत होते आणि त्यांना पत्ता नव्हता, कारण साखरेने पायाची जाणीवच गेलेली. मलाही पत्ता नव्हता, कारण आमच्या खोलीच्या दारावर पाटी आहे, 'चपला बाहेर काढाव्यात'. स्वच्छतेसाठी मीच लावून घेतलेली. दहा वेळा मी तो पाय हातात घेतला आणि जखमेचं कारण दहाही वेळा दाराबाहेर राहिलं.

चूक मावशींनी पकडीने उपटली. पुढच्या महिन्याभरात जखम भरली. आजोबांची मी माफी मागितली, तर ते म्हणाले, "मोच्याला सांगतंय, तुझा काय दोष?"

तेव्हापासून पायाला जखम घेऊन आलेल्या माणसाच्या चपलेत आधी माझा हात जातो. लोकांना किळस वाटते, काहींना संकोच. एक म्हातारी तर चप्पल मागे ओढून धरते, "सिस्टर, नको गो, शेणातून आलंय." दारावरच्या पाटीखाली मी मार्करने लिहिलंय, 'पायाला जखम असल्यास चपला आत आणाव्यात'. मागे तालुक्याहून तपासणीला साहेब आले होते. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि विचारलं, "सिस्टर, नक्की आणायच्या की काढायच्या?"

मी म्हटलं, "बसा सर, तुमच्या दाखवा बघू."