होस्टिंग विकायला घेतलंय, पण डोमेन क्लायंटच्याच नावावर

सांगलीत माझं छोटं आयटी कन्सल्टिंगचं काम आहे. दवाखान्यांचं नेटवर्क, हळदीच्या व्यापाऱ्यांचं टॅली आणि त्याचा बॅकअप, क्लासेसच्या वेबसाइट, असं जे येईल ते. त्यात आता रीसेलर होस्टिंग सुरू केलंय, म्हणजे वेबसाइट ठेवायची सर्व्हरवरची जागा मोठ्या कंपनीकडून घाऊक घेऊन क्लायंटना विकायची, आणि या धंद्यातली बरीच मंडळी विचारतात की अरे यात सुटतं किती. खरं सांगतो, निव्वळ होस्टिंगमध्ये फार काही सुटत नाही, मोठ्या कंपन्या पहिल्या वर्षाला जो भाव देतात त्याच्याशी आपण भांडूच शकत नाही. पण क्लायंटची साइट बंद पडली की फोन आपल्यालाच येतो, मग होस्टिंग कुणाकडूनही घेतलेलं असो, आणि पासवर्ड मात्र भलत्याच माणसाकडे असतो. जबाबदारी तशीही आपल्यावरच येते, तर चावी पण हातात असलेली बरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपण एक मोठं पॅकेज घ्यायचं, त्यात डब्ल्यूएचएम म्हणजे सगळी अकाउंट सांभाळायचं सॉफ्टवेअर मिळतं, त्यातून प्रत्येक क्लायंटला वेगळं सीपॅनेल, म्हणजे त्याच्या साइटचा आणि मेलचा कंट्रोल पॅनेल, काढून द्यायचं, जागा किती, ईमेल किती ते आपण ठरवायचं. २०१९ मध्ये सीपॅनेलने लायसनचा हिशोब सर्व्हरवरून अकाउंटवर नेला, म्हणून आता घेताना किती अकाउंट मिळणार ते आधी बघा. आणि 'अनलिमिटेड' लिहिलेलं असलं तरी आयनोडची म्हणजे फाइलींच्या संख्येची मर्यादा कुठेतरी खाली बारीक अक्षरात असतेच, जुने मेल साठवून ठेवणाऱ्या ऑफिसात ती जागेच्या आधी संपते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डोमेन, म्हणजे साइटचं नाव, जे दरवर्षी फी भरून रिन्यू करावं लागतं. एका व्यापाऱ्यांचं डोमेन त्यांच्या भाच्याच्या मित्राच्या नावावर होतं, तो बेंगळुरूला गेला, नंबर बदलला, रिन्यूची मेल त्याच्या जुन्या आयडीवर जात राहिली आणि इकडे साइट गेली. डॉट कॉमचं असं झालं की मुदतीनंतरचा ग्रेस पिरियड संपल्यावर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा म्हणजे सोडवून घ्यायचा काळ असतो, त्यात परत मिळतं पण दंड नेहमीच्या फीच्या कितीतरी पट. म्हणून माझा नियम आहे की रजिस्ट्रंट म्हणजे डोमेनचा नोंदणीकृत मालक म्हणून क्लायंटचंच नाव, त्यांचाच मेल, त्यांचाच मोबाइल, मी फक्त टेक्निकल कॉन्टॅक्ट. रिन्यूच्या तारखा मी स्वतःच्या कॅलेंडरला लावतो, ऑटो रिन्यूवर सोडत नाही, कारण ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो डेबिटचे नवीन नियम लागू झाले तेव्हा बाहेरच्या कंपन्यांना कार्डवरून आपोआप जाणारी बरीच पेमेंट अडकली होती, आणि पेमेंट अडकलंय हे सांगणारी मेल कोणी वाचत नाही.

दुसरं म्हणजे मेल. शेअर्ड सर्व्हरवर, म्हणजे अनेकांच्या साइट एकत्र असतात तिथे, सगळ्यांचा आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता एकच असतो. एकाचं जुनं वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) हॅक झालं, त्यातून स्पॅम सुटला की तो आयपी ब्लॅकलिस्टमध्ये, आणि मग त्याच सर्व्हरवरच्या, या सगळ्याशी काही संबंध नसलेल्या बिचाऱ्या सीए साहेबांच्या मेल त्यांच्या क्लायंटच्या स्पॅममध्ये जातात. त्यामुळे ज्यांचा धंदा मेलवर चालतो त्यांना मी सरळ झोहो किंवा गूगलचं वेगळं पॅकेज घ्यायला लावतो, साइट माझ्याकडे, मेल तिकडे. मेल खरंच त्या डोमेनकडूनच आलीय हे तपासता यावं म्हणून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही तिन्ही रेकॉर्ड डोमेनच्या सेटिंगमध्ये पहिल्याच दिवशी टाकायची, फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबतीत फार कडक झालेत.

बॅकअप होस्टिंगवाला देतो म्हणून निवांत राहू नका. मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली तेव्हा काही लोकांच्या साइट पण गेल्या आणि बॅकअप पण, कारण दोन्ही एकाच आवारात. मी रोज रात्री दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजवर कॉपी टाकतो, आणि अधूनमधून एखादी साइट खरोखर रिस्टोअर करून बघतो. एसएसएलचे, म्हणजे साइटला https चं कुलूप लावणाऱ्या सर्टिफिकेटचे, पैसे मी घेत नाही, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे, सीपॅनेल ते आपोआप रिन्यू करतं, त्याचे वेगळे हजार दोन हजार लावणारे लोक आहेत आणि मला ते अजिबात पटत नाही.

जीएसटीचं पण बोलून घ्या आधीच. व्यापारी १८ टक्क्यांचं क्रेडिट घेतात, म्हणजे भरलेला टॅक्स स्वतःच्या टॅक्समधून वळता करून घेतात, पण डॉक्टरांची सेवा करमुक्त असल्याने त्यांना ते मिळत नाही, त्यांच्यासाठी तो सरळ खर्च, त्यामुळे त्यांना रेट सांगताना टॅक्स धरूनच सांगायचा.

आणि लेखी करार करा, एक पान पुरे. त्यात मी पहिलंच कलम घातलंय की सोडून जायचं झालं तर पूर्ण बॅकअप आणि डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायला लागणारा ट्रान्सफर कोड लगेच मिळेल, बाकी काही येणं असलं तरी अडवणार नाही. नुसतं होस्टिंग मागायला आलेल्याला मात्र मी नाही म्हणतो, ज्यांचं बाकीचं काम माझ्याकडे आहे त्यांनाच देतो, कारण रात्री अकराला फोन आला तर निदान त्यांची साइट काय आहे, कुणी बनवलीय, कशावर चालते हे मला माहीत असतं.