तूप ऐकून उतरवावे

लोणकढे तूप नेमके कधी उतरवायचे, हे मी पुष्कळ वर्षे रंगावरून ठरवत असे आणि बहुतेक वेळा थोडा उशीरच करत असे, कारण पातेल्यात वरून जे दिसते त्याच्या एक पाऊल पुढे तळ गेलेला असतो. आता मी डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबते.

लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश, 16 टक्क्यांच्या आसपास पाणी आणि उरलेल्या भागात मुख्यतः दुधातली प्रथिने व दुग्धशर्करा असते. घरी काढलेल्या लोण्यात पाणी याहून बरेच जास्तही असू शकते. कढवणे म्हणजे हे पाणी घालवणे आणि मागे राहिलेला घन भाग, म्हणजे बेरी, तळाशी खमंग होऊ देणे. पाणी आहे तोवर पातेल्यातले तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटे निर्धास्तपणाची असतात. पाणी संपले की तेच तापमान भराभर चढते, प्रथिने आणि शर्करा यांची एकमेकांशी क्रिया होऊन बेरी तांबूस होते आणि तुपाचा तो ओळखीचा वास सुटतो. बदामी बेरी आणि जळकी बेरी यांत दोन-तीन मिनिटांचेच अंतर असते.

तुपाची चव मात्र त्याआधीच, सायीच्या भांड्यात ठरून गेलेली असते. साय साठवायला सुरुवात करताना तिला चमचाभर दह्याचे विरजण लावले आणि भांडे फ्रिजमध्ये ठेवले, तर ती आठवडाभर चांगली राहते. त्याहून फार दिवस रेंगाळलेल्या सायीला जो कडवट वास येतो, तो कितीही कढवले तरी तुपातून जात नाही. घुसळताना थंडगार पाणी घालावे, कारण साय कोमट असली तर लोणी मऊ पडून ताकातच लिबलिबत राहते आणि गोळा धरत नाही. निघालेला गोळा पाणी नितळ दिसेपर्यंत तीन-चार वेळा धुवावा, असा माझा आग्रह आहे. ताक राहिलेल्या लोण्याची बेरी जास्त पडते, तळाला लागते आणि तुपाला आंबूस झाक देते.

मग जाड बुडाचे पातेले आणि मंद आच. सुरुवातीला पांढरा, दाट फेस वर येतो आणि आतून सलग, ओलसर खदखद ऐकू येते. हळूहळू फेस विरतो, बुडबुडे मोठे आणि पारदर्शक होतात, खदखदीची तडतड होते, ती विरळ होत जाते आणि एका क्षणी जवळजवळ थांबते. पाणी संपले, हे सांगणारी ती शांतता आहे. थोड्याच वेळात बारीक, हलका फेस पुन्हा वर येऊ लागतो आणि मी गॅस बंद करते; बेरी तेव्हा फिकट असली तरी जाड बुडाच्या उष्णतेवर ती बदामी होते.

पूर्वी एकदा घाईत मी तडतड चालू असतानाच तूप उतरवले होते. बरणीच्या तळाशी पांढुरका ओला थर बसला आणि पंधरवड्यातच सगळ्या तुपाला खवट वास आला. आठवड्याभराची साय वाया गेल्याची हळहळ मला अजून आहे.

तूप थोडे निवल्यावर कोरड्या बरणीत गाळावे आणि पूर्ण थंड होईपर्यंत झाकण लावू नये, नाहीतर वाफेचे थेंब पुन्हा आतच पडतात. रवाळ तूप हवे असेल तर बरणी न हलवता सावकाश निवू द्यावी. अधिक तापमानाला वितळणारे स्निग्ध घटक निवताना आधी गोठतात आणि सवड मिळाली तर त्यांचे मोठे कण बनतात. फ्रिजमध्ये झटपट थिजवलेले तूप म्हणूनच गुळगुळीत होते.

गाळणीत राहिलेली बेरी मी दर वेळी बोटांत चुरडून पाहते. ती कोरडी आणि भुसभुशीत असली तर तूप टिकणार. चिवट लागली तर पाणी अजून आत आहे असे समजून, बेरीसकट सगळे तूप मी पुन्हा पातेल्यात ओतते आणि मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत तिथेच उभी राहते.