तुम्ही विचारलंत म्हणून : गुऱ्हाळ का मोडलं

मागच्या दिवाळी पाडव्यापासून यंदाच्या पाडव्यापर्यंत आमच्या घरात चार गोष्टी घडल्या. आबा, माझे वडील, गेले. थोरली नर्सिंग पुरं करून पुण्यात नोकरीला लागली. मला पन्नास पूर्ण झाली. आणि पंचगंगेकाठचं आमचं गुऱ्हाळ बंद झालं. भेटेल तो शेवटचंच विचारतो. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात हमाल विचारतात, जोतिबाच्या पायऱ्यांवर पाहुणे विचारतात. आबांच्या दिवसकार्यालासुद्धा एकानं ताटावर बसून विचारलं, "चांगलं चाललेलं गुऱ्हाळ का मोडतोयस?"

माझं उत्तर ठरलेलं असतं. माणसं मिळत नाहीत. ते खोटं नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत पगार मिळत असताना चुलवाणाच्या, रस उकळायच्या भट्टीच्या, तोंडाशी बसून दिवसभर चिपाडं सारायला कुठलं पोरगं येईल? एक टन उसाला शंभर-सव्वाशे किलो गूळ. त्यातून तोडणी, मजुरी, अडत, हमाली वजा करा. कारखान्याला ऊस घातला की निदान पैसे खात्यावर येतात. हा हिशेब कुणालाही पटतो, आणि पटला की पुढं कुणी विचारत नाही. म्हणून तर मी तो सांगत आलो. आता उरलेलं सांगतो.

गेल्या डिसेंबरात यार्डातल्या लागोपाठ दोन सौद्यांत, म्हणजे लिलावांत, आमचा गूळ मागं पडला. नदीकाठचं रान खारवट होत चाललंय, त्या उसाचा गूळ काळपट येतो. शेजारच्यांचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, पिवळेधमक. ते कशानं पिवळे होतात हे यार्डात कुणाला सांगावं लागत नाही. मी दोन पोती साखर आणली आणि रात्रीच्या आधणाला, म्हणजे मोठ्या कढईत रस उकळताना, आबा घरी झोपायला गेल्यावर, पोत्याची शिवण उसवली.

गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारे, तात्या आमच्याकडं माझ्या लहानपणापासून. ते म्हणाले, "आबास्नी इचारलंय न्हवं?"

मी म्हणालो, "मालक कोण हाय हितं?"

तात्या पुढं काही बोलले नाहीत. साखर पडली तसा उकळता रस क्षणभर खाली बसला, मग पुन्हा फुगून काहिलीच्या, त्या मोठ्या कढईच्या, काठाला आला. तात्यांनी गार पाण्यात थेंब सोडून गोळी बघितली, काहील उतरवली, गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतली. रंग सुंदर आला होता. मला त्या क्षणी आनंद झाला होता, हेही सांगायला पाहिजे.

सकाळी आबा काठी टेकत आले. रोजच्यासारखी वाफ्याच्या कडेची खरवड नखानं काढून जिभेवर ठेवली. थोडा वेळ तोंड हललं नाही. मग रांजणाकडं गेले, तांब्याभर पाणी घेतलं, चूळ भरून लांब थुंकले.

"ह्यो कुणाच्या नावानं लावणार?"

यार्डात आमचा गूळ आबांच्याच नावानं लागायचा, मी कर्ता झालो तरी. मी म्हणालो, "तुमच्याच की."

"माझं नाव नगो."

एवढंच. ओरडले असते तर मी भांडलो असतो, माझ्याकडं मुद्दे तयार होते. सगळे घालतात. साखर म्हणजे काही विष नव्हे. गिऱ्हाइकालाच पिवळा पाहिजे. त्यातला एकही बोलायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. गूळ माझ्या नावानं लागला, दर बरा मिळाला. आबा त्यानंतर गुऱ्हाळावर आले नाहीत. फेब्रुवारीत झोपेतच गेले.

कायद्यानं ती भेसळच, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ असताना. आमचं चुलवाण विरघळून गेलं. तेव्हाच मी म्हणालो होतो, बंद करू. आबांनी सत्तरी ओलांडलेल्या अंगानं माती कालवून ते पुन्हा बांधलं आणि कर्ज माझ्या नावावर काढलं. ते कर्ज साखरेशिवाय कसं फिटणार होतं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. हा राग मला आजही आहे, ते नसतानाही.

आणि पुण्यातलं शिक्षण अर्धं टाकून बाविसाव्या वर्षी परत आलेला मी? शाहू महाराजांनी १८९५ ला कोल्हापुरात शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि आपण त्या बाजारात नावानं ओळखले जातो, असं आबांनी सांगितलं की त्याची छाती भरून यायची. त्याला विचारलं तर तो म्हणेल, तू मला फसवलंस. मी म्हणेन, तुला कर्जाचा हप्ता ठाऊक नव्हता. दोघंही खरंच बोलतोय असं मला वाटतं.

आबा गेल्यावर तेरावं करून मी दोन आधणं साखरेशिवाय काढली. काळा गूळ आला, दर पडला. तिसऱ्या आधणाला चुलवाण पेटवलं नाही. आबांसाठी बंद केलं म्हणावं, तर त्यांना ते चालूच हवं होतं. पैशासाठी म्हणावं, तर साखर घालून ते चाललं असतं.

यंदा पाडव्याच्या सौद्याला मी नुसताच गेलो. तात्या आता दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर आहेत, तिथं भेटले. म्हणाले, "काहील इकू नगासा. उलटी घालून ठेवा, न्हाईतर पाणी धरंल." घरी येऊन मी आणि बायकोनं ती उलटी केली. भंगारवाला त्या आठवड्यात दोनदा येऊन गेला.