चेहऱ्याची उबळ आणि बोटॉक्स: माझा अनुभव

डाव्या डोळ्याची पापणी फडफडू लागली तेव्हा घरात कोणी काळजी केली नाही, कारण बाईचा डावा डोळा लवणे शुभच मानतात. पुढे ती उबळ गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरली आणि बोलता बोलता डोळा मिटू लागला, तेव्हा मात्र मी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. एमआरआयमध्ये मेंदूच्या बुंध्यापाशी एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाब देत असल्याचे दिसले. या विकाराला ‘हेमिफेशियल स्पाझम’ म्हणतात. कवटी उघडून तो दाब काढता येतो, परंतु त्या शस्त्रक्रियेत श्रवणशक्ती जाण्याचा थोडा धोका असल्यामुळे मी बोटॉक्सची, म्हणजे एका जिवाणूच्या विषापासून बनवलेल्या, स्नायू सैल करणाऱ्या औषधाची इंजेक्शने घेण्याचे ठरवले.

नातेवाइकांना वाटले, सुरकुत्या घालवायच्या असतील! वास्तविक अमेरिकेत या औषधाला १९८९ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांची उबळ यांसाठी. भुवयांमधील आठ्यांसाठीची मान्यता २००२ सालची आहे.

कुपीच्या तळाशी औषधाचा जेमतेम दिसेल एवढा पांढरा थर होता. डॉक्टरांनी त्यात सलाइन हळूच सोडले, कुपी न हलवता नुसती फिरवली आणि मला डोळे घट्ट मिटायला सांगून, स्नायू जिथे आवळत होते तिथे पेनाने ठिपके काढले. सुई अगदी बारीक होती, तरी पापणीच्या कडेला टोचताना डोळ्यांतून पाणी आले. मज्जातंतूकडून स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य या विषामुळे बाहेर पडत नाही. मात्र परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि साधारण तीन महिन्यांनी तो ओसरतो, हे त्यांनी आधीच समजावले होते.

आठवड्याच्या आत फडफड थांबली. त्याबरोबर डोळा नीट मिटेनासा झाला, कोरडा पडून चुरचुरू लागला आणि हसताना ओठ किंचित वाकडा दिसू लागला. थेंब घालून ते दिवस निभावले. पुढच्या खेपेस डॉक्टरांनी गालावरची मात्रा घटवली, तेव्हा हसणे पुष्कळसे सरळ झाले.

खरी दमछाक विम्याने केली. कंपनीने ‘सौंदर्योपचार’ असा शेरा मारून दावा फेटाळला. निदानाचे पत्र आणि एमआरआयचा अहवाल जोडल्यावर तो शेरा मागे घेतला गेला, पण मग रुग्णालयात दाखल व्हावे लागले नाही, हे नवे कारण पुढे आले. खर्च शेवटी मीच केला. आता दर खेपेला कोणत्या कंपनीचे औषध वापरले आणि किती युनिट, हे मी फाइलवर लिहून घेते, कारण एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाबरोबरीचे नसते आणि डॉक्टर बदलले तर मात्रा ठरवताना नेमकी तीच माहिती लागते.