बँकॉकचे साडेतीन दिवस : नदीच्या काठाने आखलेला बेत

बँकॉकला जायचे ठरले तेव्हा माझ्या वहीत १९ ठिकाणांची यादी होती आणि हाती होते साडेतीन दिवस. सोबत आई, वय ६८, आणि गुडघे, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, त्याहून दहा वर्षांनी मोठे. यादी कशीही फिरवली तरी निम्मा दिवस टॅक्सीत बसून जाणार असे दिसत होते. शेवटी नकाशावर चाओ फ्राया नदीच्या काठाने पेन्सिलीची रेघ ओढली आणि ठरवले, की या रेघेपासून किंवा एखाद्या रेल्वे स्थानकापासून आईला चालत जाता येणार नाही, ते या खेपेला पाहायचे नाही. अकरा नावे तिथल्या तिथे गळाली. त्यांत जुनी राजधानी अयुथ्थयाही होती, आणि तिची हळहळ मला अजून आहे.

ही रेघ म्हणजे काही माझी शक्कल नव्हे. शहरच तसे वसले आहे. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्थया उद्ध्वस्त केल्यावर ताक्सिन राजाने नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला राजधानी नेली आणि १७८२ मध्ये पहिला राम या राजाने ती समोरच्या पूर्व काठावर आणली. त्यामुळे राजवाडा, वाट फो (वाट म्हणजे मंदिर) आणि पैलतीरावरचे वाट अरुण ही तिन्ही ठिकाणे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. थाई लोक या शहराला क्रुंग थेप, म्हणजे देवांची नगरी म्हणतात. त्याच्या लांबलचक पूर्ण नावात अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, विश्वकर्मा असे ओळखीचे शब्द एकामागून एक येतात. ते मी आईला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “हे तर संकल्प सोडल्यासारखं वाटतंय.”

मुक्कामासाठी बहुतेकांचा सल्ला सुखुम्वित भागाचा होता. आम्ही मात्र सफान ताक्सिन स्थानकाजवळची साधी खोली घेतली, कारण त्या स्थानकाच्या खालीच साथोर्न घाट आहे आणि तिथून नारिंगी झेंड्याची बोट सरळ जुन्या शहरात जाते. विमानतळावरून फाया थाई स्थानकापर्यंत विमानतळ रेल्वेने अर्धा तास लागतो, पुढे आकाशरेल्वे आणि सयाम स्थानकावर एकदा गाडी बदलायची. आकाशरेल्वे आणि भुयारी मेट्रो यांची तिकिटे वेगवेगळी असतात, हे आधीच ठाऊक असलेले बरे. एकाच चौकातल्या दोन स्थानकांना एकीकडे असोक आणि दुसरीकडे सुखुम्वित अशी निराळी नावे आहेत, हेही.

मुंबईहून रात्री निघणारे विमान साडेचार तासांच्या आतबाहेर पोहोचते, तिथले घड्याळ दीड तास पुढे असते आणि खोली दुपारी मिळते. त्यामुळे पहिली सकाळ मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. सामान हॉटेलात टाकून आम्ही नुसते बोटीत बसलो, वरपर्यंत गेलो आणि परत आलो. सगळ्या बेतात मला सर्वांत चांगली साधलेली गोष्ट हीच वाटते, कारण दुसऱ्या दिवशी कुठे उतरायचे हे आईलाच माझ्याआधी कळत होते.

राजवाडा साडेआठला उघडतो आणि तिकीट ५०० बाथ आहे. जानेवारी असूनही दहानंतर ऊन बोचू लागते, म्हणून आम्ही आठलाच था चांग, म्हणजे हत्तीघाटावर उतरलो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम तिथे काटेकोर पाळतात. आईची नऊवारी त्या कसोटीला सहज उतरली. वाटेत एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने वाडा दुपारपर्यंत बंद असल्याचे सांगून टुकटुकने दुसरीकडे नेण्याची तयारी दाखवली. ही थाप मी आधीच वाचलेली असल्यामुळे आम्ही नमस्कार करून पुढे गेलो. आत पाचू बुद्ध आहे. नावात पाचू असला तरी मूर्ती हिरव्या जेड दगडाची आणि जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंना तिची वस्त्रे बदलतात, आणि ती खुद्द राजा बदलतो. भोवतालच्या ओवऱ्यांत थाई रामायणाची, रामकियनची, १७८ चित्रे आहेत. त्या कथेतला हनुमान ब्रह्मचारी नाही, हे मी आईला मुद्दाम सांगितले नाही.

वाट फोमध्ये मात्र माझे वेळापत्रक कोलमडले. ४६ मीटर लांबीच्या निजलेल्या बुद्धाला मी पाऊण तास दिला होता. त्याच्या पाठीमागे भिंतीलगत १०८ कांस्यपात्रे ओळीने मांडलेली आहेत, त्यांत एकेक नाणे टाकत जायचे. आईने सुट्या नाण्यांची वाटी घेतली आणि जपमाळ ओढावी तशी ती एकेक पात्र पुढे सरकू लागली. मध्येच नाणी संपली. परत येऊन दुसरी वाटी घेतली आणि राहिलेल्या पात्रापासून पुढे सुरुवात केली. तो खणखणाट ऐकत मी खांबाला टेकून बसले आणि वहीतले संध्याकाळचे सयाम स्वतःहून खोडले. उन्हे उतरल्यावर था तिएन घाटावरच्या तरीने पलीकडे वाट अरुणला गेलो. तिथल्या उभ्या पायऱ्या मी एकटीच चढले.

जेवणाची धास्ती होती, कारण भाजीच्या पदार्थांतही माशाचा रस, नाम प्ला, असतोच. त्यावर पिवळ्या पाटीवरचे लाल “जे” हे अक्षर उपयोगी पडले. पाहताना ते इंग्रजी १७ सारखे दिसते. त्या जेवणात मांस-मासे, अंडी, दूध यांच्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो, म्हणजे आपल्या चातुर्मासाहूनही कडक. शाकाहारी यासाठी थाई शब्द मांगसविरत. त्यातले मांस आणि विरती आईने पहिल्या झटक्यात ओळखले आणि मग प्रत्येक हातगाडीवर तो ठणकावून उच्चारला.

परतीच्या रात्री सुवर्णभूमी विमानतळावर पासपोर्ट तपासणी ओलांडली, तर समोर समुद्रमंथनाचे भले मोठे शिल्प उभे. आई बाकावर बसली, चपला काढल्या आणि म्हणाली, “अगं, माझे पाय आता उठत नाहीत. वासुकीचं तोंड असुरांकडेच आहे ना, तेवढं बघून ये.” विमानाला अजून सव्वा तास होता. मी बॅग तिच्यापाशी ठेवली आणि बघायला गेले.