पंचवीस ग्रॅम भिंत

गेल्या आठवड्यात गावच्या घरी दुपारी जेवून माजघरात आडवा झालो होतो, तेव्हा भिंतीचा एक पोपडा सुटून उशाशी पडला. तळहाताएवढा, वरून निळसर पांढरा, आणि कडेने पाहिला तर जुन्या वहीच्या पानांसारखे थरावर थर. एकेक थर एकेका दिवाळीचा. मला वस्तू तोलून पाहण्याची जुनी खोड आहे, त्यामुळे झोप सोडून उठलो आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ठेवला. २५ ग्रॅम भरला.

दसरा झाला की वडील तालुक्याहून चुनकळीची गोणी आणत. अर्धे कापलेले पत्र्याचे पिंप अंगणात मांडून त्यात ते पांढरे खडे टाकायचे आणि वरून घागरीने पाणी ओतायचे. क्षणभर काहीच होत नसे, मग एखादा खडा तडकल्याचा आवाज येई आणि बघता बघता सगळे पिंप खदखदू लागे. खाली विस्तव नाही, लाकडे नाहीत, आणि पाणी मात्र उकळते आहे, हा प्रकार आम्ही मुले पायरीवर बसून पाहत असू. पायरी उतरण्याची परवानगी नव्हती, कारण चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो, अशी आजीची ताकीद होती. रात्रभर मुरलेला चुना सकाळी गाळला जाई, त्यात नीळ आणि डिंकाचे पाणी पडे, आणि मग कुंचा भिंतीवरून फिरू लागे. ओला हात फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसायचा. खरी पांढरी भिंत उगवायची ती वाळल्यावर.

एका वर्षी दुकानदाराने पावसाळाभर उघडी पडलेली, निम्मी भुगा झालेली चुनकळी तोलून दिली. ‘भाऊ, काटा तुमच्यासमोर आहे,’ तो म्हणाला. वडील म्हणाले, ‘काटा खरा आहे हो, पण त्यात चुना किती आणि पावसाळा किती, ते सांगा.’ चुन्याच्या दुकानातच चुना लागायची वेळ आली होती, पण वडिलांनी गोणी तिथेच सोडली आणि आम्ही हात हलवत परतलो.

ते किती अचूक बोलले होते, हे मला फार उशिरा कळले. १०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत पूर्ण भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ किलो चुनकळी उरते. या ५६ किलोला १८ किलो पाणी मुरले की ७४ किलो विरलेला चुना होतो. पिंपातले बाकीचे पाणी नुसते सोबतीला. भिंतीवर चढलेला हा चुना हवेतून हळूहळू ४४ किलो कार्बन डायऑक्साइड परत घेतो, १८ किलो पाणी सोडून देतो, आणि पुन्हा १०० किलो चुनखडी होऊन बसतो. दुकानदाराच्या गोणीत हीच कामे कोणी न सांगता सुरू झाली होती आणि त्यांचे वजन तो आमच्या नावावर मांडत होता.

शाळेत आम्ही हीच समीकरणे संतुलित करत होतो, चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून ती दुधाळ करत होतो, पण आमच्या अंगणातले पिंप त्या बाणाच्या डावीकडे आहे आणि भिंत उजवीकडे, हे कोणी बोलले नाही. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश माणसाने १७५० च्या दशकात अशीच भाजलेल्या पदार्थांची वजने करून, घटलेला भाग हवेच्या रूपात निघून जातो हे दाखवले होते. पुढे लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८९ च्या आपल्या ग्रंथात क्रियेआधी आणि क्रियेनंतर पदार्थ तेवढाच राहतो असे लिहिले, तेही द्राक्षांचा रस आंबवण्याच्या प्रकरणात. तो पेशाने करवसुलीच्या कंपनीतला भागीदार. जमा आणि खर्च जुळलाच पाहिजे, हा हट्ट हिशेबी माणसालाच सुचावा, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. त्याच वसुलीपायी १७९४ साली त्याचा शिरच्छेद झाला.

तर माझा पोपडा. नीळ, डिंक आणि काजळी सोडून दिली तर २५ ग्रॅमपैकी १४ ग्रॅम वडिलांनी गोणीतून आणलेले आणि ११ ग्रॅम या खोलीच्या हवेतून आलेले. या खोलीच्या हवेत शेजारच्या चुलीचा धूर होता, दाटीवाटीने झोपणाऱ्या सहा माणसांचे श्वास होते, आणि शेवटचे दोन हिवाळे याच भिंतीला पाठ टेकून रात्र रात्र दम्याने धापा टाकणारी आजी होती. तिचा सोडलेला श्वास कुठे तरी गेलाच असणार. ११ ग्रॅममध्ये तिचा वाटा किती, हे कोणत्याच काट्यावर कळणार नाही, पण तो अगदीच शून्य असेल असे मानायला मन तयार होत नाही.

रंगारी सोमवारी येतो आहे. जुना चुना मुळापासून खरवडल्याशिवाय पुट्टी धरत नाही, असे त्याचे म्हणणे आहे, आणि ते बरोबरच असावे. खरवडण्याचे पैसे तो चौरस फुटावर घेतो, वजनावर नाही.