रिओला चोरांना घाबरून गेलो आणि नडला समुद्र

ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोला जायचं ठरलं तेव्हापासून जो भेटेल तो चोरांवरच बोलत होता. मंगळसूत्र घरी ठेव, रस्त्यात फोन काढू नकोस, बंदूक दाखवतात म्हणे. दादा तीन वर्षं साओ पावलोला नोकरीला आहे, तोही तेच. म्हणून मी आणि नवरा अगदी तयारीने गेलो, जुना फोन, खिशात थोडेच पैसे, पासपोर्टची झेरॉक्स, आणि सहा दिवसांत कोणी केसालाही धक्का लावला नाही. समुद्राबद्दल मात्र एकानेही तोंड उघडलं नव्हतं. आणि मी मरता मरता वाचले ती इपानेमाच्या बीचवर, सकाळी साडेदहाला, छातीएवढ्या पाण्यात. वाढवून सांगत नाहीये.

माझं आजोळ गुहागरचं. पोहायला तिथेच शिकले, त्यामुळे समुद्राची भीती अशी कधी वाटली नाही आणि तीच मस्ती नडली. आजोबांचा नियम होता, भरतीला पोहा, ओहोटी लागली की मुकाट बाहेर या. मी हॉटेलात बसून भरतीची वेळ बघितली, भरती चढती होती, म्हटलं झालं काम. तर रिओला भरती-ओहोटीत फरकच जेमतेम मीटर-सव्वा मीटरचा! आपल्याकडे मुंबईला मोठ्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटरच्या वर जातं, तिथला हिशोब इथे लावून काहीच उपयोग नाही. इथे ओढ असते ती लाटांमुळे. लाटा सारखं पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात, ते परत जायला एखादी चिंचोळी वाट पकडतं आणि त्या वाटेवर जो असेल त्याला घेऊन आत जातं.

आणि यातली खरी फसवणूक ऐका. अशा जागी लाट फुटत नाही, म्हणून ती जागा सगळ्यात शांत दिसते. डावीकडे-उजवीकडे डोक्याएवढ्या लाटा धाडधाड आपटतायत, मध्ये आठ-दहा मीटरचा पट्टा एकदम सपाट, जरा गडद रंगाचा, माणसं नाहीत. मी म्हटलं वा, आपल्यासाठी मोकळंच ठेवलंय. समोर वाळूत लाल झेंडा रोवला होता, तो मी बघितला होता, खोटं कशाला बोलू. पण आम्हाला खुर्च्या भाड्याने देणारा पोरगा मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला की झेंडा लहान मुलांसाठी आहे, तुम्ही मोठी माणसं, नो प्रॉब्लेम. मला वाटायचं लाल झेंडा म्हणजे आज अख्खा समुद्र खराब, सगळे तर पोहतायत मग काय. तसं नसतं हो. तिथले लाइफगार्ड फायर ब्रिगेडचे असतात आणि नेमकी जिथे ओढ आहे तिथेच तो झेंडा रोवतात.

पाणी बर्फासारखं गार होतं, भर उन्हाळ्यात, फेब्रुवारीत. दहा-बारा पावलं गेले असेन, पायाखालची वाळू सरकायला लागली आणि पुढच्या क्षणाला पाय टेकेचनात. मागे वळून बघितलं तर नवऱ्याची निळी छत्री एवढीशी झालेली. मी सरळ किनाऱ्याकडे हात मारायला लागले, जे अजिबात करायचं नसतं हे मला नंतर कळलं, दोन-तीन मिनिटं जीव खाऊन पोहले आणि छत्री होती तेवढीच लांब. एक लाट नाकातोंडात गेली. "हेल्प" ओरडले, दोघंजण माझ्याकडे बघून हात हलवून हसले, त्यांना वाटलं मी हाय करतेय. पायात फिन्स घातलेला एक लाइफगार्ड कुठून आला ते मला आठवत नाही, फक्त लाल-पिवळी लांबट गादी माझ्या काखेखाली सरकवली एवढं आठवतंय, आणि तो मला किनाऱ्याकडे न नेता आधी आडवा बाजूला घेऊन गेला, लाटा फुटत होत्या तिकडे, आणि मग लाटांनीच आम्हाला ढकलत बाहेर आणलं. बाहेर आल्यावर झेंड्याकडे बोट दाखवून दोनदा म्हणाला, "बांदेइरा व्हेरमेल्या". लाल झेंडा. दुसरं काही बोलला नाही. मला खूप लाज वाटली.

तर पोहणार असाल तर एवढं कराच. बीचवर पोस्तो म्हणून लाइफगार्डचे नंबर घातलेले टॉवर आहेत, लेमे बीचपासून लेब्लों बीचपर्यंत १ ते १२, त्याच्या समोरच पाण्यात उतरा, आणि उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा लोक कुठे पोहतायत आणि कुठे नाही. लाटा फुटत नसलेला पट्टा टाळा. अडकलात तर किनाऱ्याशी भांडू नका, किनाऱ्याला समांतर आडवं पोहा, नाही जमलं तर पाठीवर तरंगत राहून एक हात वर करा. ओरडायचं तर "सोकोहु". तिकडे असाच उच्चार करतात, रिओला सुद्धा ते हिउ म्हणतात. आणि किनाऱ्याजवळ आपटणाऱ्या लाटेकडे पाठ करून फोटो काढू नका, नवऱ्याचा खांदा दोन दिवस दुखत होता तो त्यामुळेच.

दिवसभर मला खोकला येत होता, छातीत जडजड. दादा फोनवर ओरडला, अगं नाकातोंडात पाणी गेलंय, आधी डॉक्टरकडे जा, नंतर सांग. तिथे ऊपा नावाची चोवीस तास चालणारी सरकारी इमर्जन्सी सेंटर्स आहेत, परदेशी माणसालाही फुकट बघतात. अडीच तास बसलो, डॉक्टरने छाती तपासली, ऑक्सिजन बघितला, रात्री दम लागला तर परत या म्हणाली. किती द्यायचे विचारलं तर काउंटरवरची बाई नुसतीच हसली. अँब्युलन्सचा नंबर १९२, फायर ब्रिगेड १९३, पोलीस १९०, लिहून ठेवा.

आता तो खुर्चीवाला. दोन खुर्च्या आणि छत्री चाळीस रियाल ठरलं होतं (एक रियाल तेव्हा साधारण पंधरा-सोळा रुपये). मी भिजलेली, थरथरतेय, नवरा घाबरलेला, आणि याने कार्डाचं मशीन पुढे केलं, त्याची काच अशी फुटलेली की आकडाच दिसेना, नवऱ्याने टॅप केलं. संध्याकाळी मेसेज बघितला तर चारशे. शून्य एक जास्त! परत गेलो तर तो म्हणे तो मी नव्हेच. पैसे गेले ते गेले. तेव्हा फुटक्या काचेच्या मशीनवर पैसे द्यायचेच नाहीत, आकडा स्वतः वाचायचा, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहाराची मर्यादा दिवसाला थोडीच ठेवायची, आणि बीचवर सुटे पैसे न्यायचे. चोरी झाली तर लेब्लोंला टुरिस्टांसाठी वेगळं पोलीस स्टेशन आहे, इन्शुरन्सवाल्यांना तिथला रिपोर्ट चालतो. आम्ही मात्र गेलो नाही, चारशे रियालसाठी नवरा तयार होईना.

बाकी भराभर. पाऊस पडून गेला की निदान चोवीस तास समुद्रात जाऊ नका, गटारांचं पाणी येतं. बोताफोगोचा बीच फोटोपुरता, पाण्यात नको. ऊन आपल्या रंगालाही भाजतं, मी "आपल्याला काय होतंय" म्हणत होते आणि तिसऱ्या दिवशी खांद्याची सालं निघाली. डासांचं क्रीम इथूनच न्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये डेंग्यू असतो, ताप आलाच तर फक्त पॅरासिटामोल, ब्रुफेन नको. शाकाहारी असाल तर राजम्यासारख्या फेजाँवपासून सावध, आत डुकराचं मांस असू शकतं. वजनावर जेवण देणारी हॉटेलं बेस्ट, ताट भरा आणि तोलून पैसे द्या. ख्रिस्ताच्या पुतळ्याला ट्रेननेच जा, पार्के लाजे नावाच्या बागेकडून चढत जाणारी जंगलातली वाट भलतीच उभी आहे आणि तिथे लुटल्याचे प्रकार झालेत. गाडी भाड्याने घेऊ नका, मॅप जवळच्या रस्त्याच्या नादात कुठल्या धोक्याच्या वस्तीत नेऊन सोडेल सांगता येत नाही. शुगरलोफचा डोंगर, बोटॅनिकल गार्डन वगैरे छान आहे, त्यात लिहिण्यासारखं काही झालं नाही.

एक राहिलंच, आणि हे जायच्या आधीचं आहे. यलो फीव्हरची लस. आमचा ट्रॅव्हल एजंट छातीठोकपणे म्हणाला होता की ब्राझील भारतीयांकडे सर्टिफिकेट मागत नाही, लस लागत नाही. ब्राझील मागत नाही हे खरं, पण परत येताना आपलंच सरकार मागतं! नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. दादाने आठवण केली म्हणून आम्ही निघायच्या पंधरा दिवस आधी धावत जाऊन घेतली, कारण घेतल्यापासून दहा दिवसांनी ती धरतात. ठरलेल्या केंद्रातच मिळते, अपॉइंटमेंट लागते, एकदा घेतली की जन्मभर चालते. मुंबईला उतरल्यावर हेल्थ काउंटरच्या माणसाने विचारलं, "ब्राझील? कार्ड?" आमच्या पुढच्या जोडप्याकडे नव्हतं, त्यांना बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं. आम्ही बॅगा घेऊन बाहेर पडलो तेव्हा ते तिथेच बसलेले होते, आणि त्यातली बाई फोनवर कुणालातरी अगदी माझ्याच सुरात सांगत होती, "अहो पण तुम्हीच म्हणालात ना, लागत नाही म्हणून!"